गाडी ‘सेट’ होण्याची मीमांसा

नवी मोटार घरी आल्यापासून दोन-तीन महिन्यांत ती मालकाचा पाय ओळखू लागते, त्याच्या स्वभावाप्रमाणे पळू लागते, आणि एकदा ती अशी ‘सेट’ झाली की दुसऱ्या कोणाच्या, विशेषतः मेव्हण्याच्या, ताब्यात चार दिवस दिल्यास तिचे सेटिंग बिघडते, ही समजूत महाराष्ट्रातील मोटारमालकांत इतकी खोल रुजलेली आहे की तिचा पुरावा मागणाऱ्याकडे पाहुणा असूनही संशयाने पाहिले जाते. अलीकडे या समजुतीला शास्त्राचाही टेकू मिळाल्यासारखा वाटतो. कारण आधुनिक गाडीत संगणक असतो, संगणक शिकतो असे सर्वत्र छापून येते, आणि तो शिकतच असेल तर आपल्याखेरीज अभ्यास करण्यासारखे त्याच्यासमोर दुसरे आहे तरी काय, असा प्रामाणिक प्रश्न मालकाला पडतो. या प्रश्नाचे उत्तर मालकाला फारसे सुखावणारे नाही, हे आधीच सांगून ठेवणे इष्ट.

ॲक्सिलरेटर दाबल्यापासून गाडी पुढे झेपावेपर्यंत जो प्रतिसाद मिळतो त्याला व्यवहारात पिकअप म्हणतात, आणि तो ज्या भागावर अवलंबून असतो तो भाग म्हणजे थ्रॉटल. पेट्रोल इंजिनात हवा आत नेणाऱ्या नळीत एक गोल चकती आडव्या दांडीवर बसवलेली असते; ती फिरली की वाट मोकळी होते, उलटी फिरली की बंद होते, एवढेच तिचे कार्य. पाय दाबणाऱ्याला आपण इंजिनाला पेट्रोल पाजत आहोत असे वाटते, आणि पंपावरचे बिल पाहता ते वाटणे निराधार म्हणता येत नाही. परंतु प्रत्यक्षात तो फक्त हवा सोडत असतो, आणि आलेल्या हवेचे वजन पाहून साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल मिसळण्याचा हिशेब इंजिन स्वतः करत असते. (डिझेल इंजिनात पाय थेट इंधनच मागतो, त्यामुळे डिझेलवाल्याचा गैरसमज हा गैरसमज ठरत नाही.) या चकतीचा एक स्वभावविशेष असा की बंद स्थितीतून ती पहिल्यांदा थोडीशी कलली की हवेचा ओघ एकदम वाढतो आणि पुढे कितीही उघडली तरी वाढ मंदावत जाते, म्हणजे शहरातल्या गर्दीत चालकाचा पाय ज्या पहिल्या दीड-दोन सेंटिमीटरांत दिवसभर वावरतो तेथेच सगळा नाजूकपणा एकवटलेला असतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी आणि १९८३च्या डिसेंबरात अवतरलेली मारुती ८०० यांच्या काळात पाय आणि चकती यांच्यामध्ये सळई किंवा तार यापलीकडे कोणी मध्यस्थ नव्हता. पाय जितका दबेल तितकी तार ओढली जाई, तार ओढली जाईल तितकी चकती फिरे, आणि बिघाड झालाच तर तो तारेला गंज चढण्याच्या किंवा ती तुटण्याच्या स्वरूपात, म्हणजे प्रामाणिकपणे होई. गाडी काही शिकत नसे. शिकत असे तो गॅरेजमधला फिटर, जो बॉनेटमध्ये अर्धा आत जाऊन, मान तिरकी करून, कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा इकडे आणि निम्मा आटा तिकडे फिरवी आणि मग अंग बाहेर काढून ‘आता बघा साहेब’ असे म्हणे. साहेबांना फरक जाणवला नाही तरी तो जाणवल्याचे कबूल करावे लागे, कारण पैसे द्यायचेच असत. त्या कार्बोरेटरात ॲक्सिलरेटर पंप नावाची एक छोटी पिचकारी असे, जी पाय झटकन दाबला की पेट्रोलची जादा धार सोडी, आणि थंड इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल दोनचारदा दाबण्याला तिच्यामुळे खरोखरच अर्थ होता. पिचकारी गेली, इंजेक्शनची पद्धत आली, तरी किल्ली फिरवण्याआधी पेडल दाबून घेण्याचा आणि गाडी बंद करताना शेवटची एक जोरदार रेस देण्याचा विधी अनेक घरांत अखंड चालू आहे. पहिल्या विधीचा आज काहीही उपयोग नाही आणि दुसऱ्याचा कधीच नव्हता.

तारेची हकालपट्टी अचानक झाली नाही. १९८७मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू ७५०च्या बारा सिलिंडरच्या इंजिनात पेडल आणि थ्रॉटल यांचा संबंध विजेच्या संदेशाने जोडलेला होता, आणि जी चैन तेव्हा धनाढ्यांपुरती होती ती प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकपर्यंत उतरली. या व्यवस्थेत पाय काहीही उघडत नाही. तो फक्त अर्ज करतो. अर्ज दोन प्रतींत असावा लागतो, कारण पेडलमध्ये दोन सेन्सर बसवलेले असतात आणि दोघांचे म्हणणे ठरलेल्या प्रमाणात जुळले नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक, अर्जदारावर अविश्वास दाखवून गाडीला जेमतेम सरपटू देणाऱ्या ‘लिंप मोड’मध्ये टाकतो. प्रती जुळल्या तर अर्ज पुढे सरकतो. इंजिन पुरेसे गरम आहे काय, गिअर कोणता पडला आहे, एसीचा भार किती, चाक घसरत तर नाही ना, धुरातून मर्यादेबाहेर काही जाणार तर नाही ना, असे शेरे त्यावर पडत जातात. मागणी एकदम मोठी असेल तर गाडीला हिसका बसू नये म्हणून ती टप्प्याटप्प्याने मंजूर होते. आणि शेवटी एक छोटी मोटर चकतीला मंजूर झाले तेवढेच फिरवते. हा सगळा पत्रव्यवहार डोळ्याचे पाते लवण्याआधी पुरा होतो, ही गोष्ट आपल्याकडील इतर कार्यालयांच्या संदर्भात लक्षणीय आहे. तरीही ‘पूर्वीच्या गाडीचा पिकअप वेगळाच होता’ असे जे जुने चालक हळहळून म्हणतात त्यांना या शेऱ्यांचाच उपद्रव जाणवत असतो, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही.

या पेडलविषयी आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. तार गेल्यामुळे पायाखाली विरोधच उरला नाही आणि नुसत्या स्प्रिंगवर पाय स्थिर राहीना, तेव्हा उत्पादकांनी पेडलच्या सांध्यात मुद्दाम घर्षण ठेवले, जेणेकरून दाबताना जोर अधिक लागेल आणि सोडताना कमी. म्हणजे ज्याला मालक ‘गाडीची खरी पकड’ म्हणतो ती अभियंत्याने नसलेल्या तारेच्या आठवणीखातर बसवलेली सोय असते.

इको, नॉर्मल आणि स्पोर्ट ही बटणे याच अर्जखात्याची. प्रत्येक पेडलस्थितीला इंजिनाकडून किती जोर मागायचा याचा जो तक्ता ईसीयूत भरलेला असतो त्याला मॅप म्हणतात, आणि बटण दाबल्यावर प्रामुख्याने हा तक्ता बदलतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलण्याच्या वेळाही बदलतात. इकोमध्ये निम्मा पाय दाबला तरी जोर निम्म्याहून बराच कमी मिळतो, स्पोर्टमध्ये थोडा पाय दाबताच बरेच काही मिळून जाते, पण पेडल पार तळाला नेले की बहुतेक गाड्यांत दोन्हींकडून तेवढेच मिळते, कारण इंजिन तेच असते. स्पोर्ट बटणाने अश्वशक्ती वाढत नाही. ती लवकर खर्ची पडते. बाजारात पिकअप वाढवण्यासाठी पेडलच्या वायरीत जोडायच्या ज्या डब्या मिळतात त्याही केवळ अर्जातला आकडा फुगवून पुढे पाठवतात, आणि त्या बसवल्यानंतर गाडी बदलल्याची जी खात्री वाटते तिच्यात डबीच्या किमतीचा वाटा मोठा असतो.

एवढी पार्श्वभूमी ध्यानात घेतली की मूळ प्रश्नाकडे वळता येते: गाडी शिकते ते नेमके काय? ती शिकते हे निर्विवाद आहे. थ्रॉटलच्या कडेला वर्षानुवर्षे काजळी धरते आणि बंद चकतीच्या फटीतून जाणारी हवा कमी होते. गाडी उभी असताना इंजिन बंद पडू नये म्हणून ईसीयू चकती किंचित अधिक उघडी ठेवायला शिकतो आणि ते लक्षात ठेवतो. धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ झाले की घट्ट हे सांगत राहतो, आणि पेट्रोलच्या मात्रेत सतत करावी लागणारी दुरुस्ती कायम स्वरूपात नोंदवली जाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपल्या क्लचच्या चकत्या किती झिजल्या आहेत आणि त्या भिडायला किती वेळ लागतो याची टिपणे ठेवतो. या सर्व अभ्यासात मालक कोठेही नाही. त्याने मोठ्या विश्वासाने ज्या गाडीला आपला स्वभाव शिकवला असे मानले तिने त्या काळात मुख्यतः काजळी, झीज आणि पंपावरच्या इंधनाची प्रत यांचा अभ्यास केलेला असतो. आणि गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी साफ करून घेतल्यावर रेसिंग अचानक चढलेले दिसते ते याचमुळे, कारण मळ गेला तरी मळाची सवय संगणकातून गेलेली नसते. मग स्कॅनर जोडून ती सवय पुसावी लागते, आणि त्याचे वेगळे पैसे होतात.

स्वभाव ओळखणारी यंत्रणा मात्र अजिबातच नसते असे नाही, आणि येथे विषय खरोखर रंगतदार होतो. तिचा मुक्काम थ्रॉटलपेक्षा गिअरबॉक्समध्ये अधिक असतो. पोर्शने १९८९मध्ये ९११ मोटारीसाठी आणलेल्या टिपट्रॉनिक या गिअरबॉक्सात गिअर बदलण्याचे पाच तक्ते होते, पहिला अगदी सोशिक आणि पाचवा अगदी तापट, आणि चालक पेडल किती वेगाने दाबतो, इंजिन किती फिरवतो, वळणावर गाडी किती झोकतो यांवरून यंत्र त्याची रवानगी यांपैकी एका वर्गात करी. मित्सुबिशीने १९९२मध्ये गॅलंटमध्ये आणलेली इन्व्हेक्स ही पद्धत ‘फझी लॉजिक’वर, म्हणजे बर्कलेच्या लोत्फी झादे यांनी १९६५मध्ये मांडलेल्या संदिग्ध संचांच्या गणितावर, आधारलेली होती. या गणितात एखादी गोष्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागवावे लागत नाही. ती थोडी आहे, बऱ्यापैकी आहे, जरा जास्तच आहे असेही मोजता येते, आणि लग्न जुळवताना स्थळांविषयी याच मापात माहिती देण्याची परंपरा असलेल्या समाजाला ते समजायला अवघड जाऊ नये. १९९४च्या एफटीओ या मोटारीत आलेल्या पुढच्या आवृत्तीने चालकाची ढब शिकण्याचाही दावा केला. मात्र या सर्व यंत्रांचा चालकाविषयीचा ग्रह हा गेल्या काही क्षणांचा किंवा मिनिटांचा असतो. झटकन पाय दाबला की माणूस तापट ठरतो, थोडा वेळ सावकाश चालवली की पुन्हा सज्जन ठरतो. जन्मभराची ओळख वगैरे भानगड त्यात नाही.

उदाहरणादाखल पुण्यातील एका मध्यमवर्गीय कुटुंबाच्या ऑटोमॅटिक गाडीचा एक सोमवार घ्यावा. सकाळी सहाला आजोबा ती तळजाई टेकडीकडे नेतात. पायात चपला, सीट पार पुढे, आणि पेडलवर पायाचा अंगठा अशा बेताने ठेवलेला की सेन्सरलाही आपल्याला कोणी स्पर्श केला आहे की नाही याचा निर्णय करावा लागतो. गिअरबॉक्स त्यांना सोशिक वर्गात घालून शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकतो. नऊ वाजता नात तीच गाडी हिंजवडीला काढते. तिचा पाय पुलाच्या चढावर एकदम खाली जातो, गिअरबॉक्स दोन पायऱ्या उतरतो, इंजिन ओरडते आणि आजोबांनी तीन किलोमीटर चालवून कमावलेली सत्शीलता पाच सेकंदांत संपुष्टात येते. संध्याकाळी लग्नाला जायचे म्हणून ड्रायव्हर बोलावला जातो, ज्याची सारी उमेदवारी तारेच्या गाड्यांवर झालेली असल्यामुळे तो पेडल दाबून न ठेवता तालावर दाबतो-सोडतो, दाबतो-सोडतो. मागे बसलेली मंडळी त्या तालावर माना हलवत राहतात, आणि यंत्राची मात्र पंचाईत होते, कारण पायाचा वेग पाहावा तर हा गृहस्थ शर्यतीतला वाटतो आणि रस्त्यावरचा वेग पाहावा तर तो ताशी अठरा किलोमीटर असतो. अशा वेळी ते बहुधा खालचा गिअर धरून वाट पाहते.

या घरात तक्रारी होणे अपरिहार्य असते. ‘आजोबा, तुम्ही चालवलीत की गाडी झोपते,’ असे नात म्हणते, आणि ‘अगं, तू चालवलीस की दुसऱ्या दिवशी ती अंगावर येते,’ असे आजोबा म्हणतात. वडील दोघांनाही दुजोरा देतात, कारण हप्ता त्यांच्या खात्यातून जातो आणि त्यांना घरात शांतता हवी असते. चौकशी केल्यास असे आढळते की आजोबांनी दाबलेले इकोचे बटण तसेच राहिलेले असते आणि नातीने सीट मागे घेतलेली असते. सीट मागेपुढे झाली की टाच टेकण्याची जागा बदलते, टाचेची जागा बदलली की घोट्याचा कोन बदलतो, आणि तेवढाच जोर लावणारा पाय पेडल वेगळ्या खोलीपर्यंत नेतो. एका कुटुंबातील दोन पिढ्यांमधील स्वभावभेद म्हणून जे पाहुण्यांना ऐकवले जाते त्यातला बराचसा भाग सीटखालच्या दांडीने दुरुस्त होऊ शकतो.

सेटिंग बिघडल्यावर करायचे उपाय हाही स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह तार थोडा वेळ काढून ठेवणे. याने अनेक गाड्यांतील शिकलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात, पुढचे काही किलोमीटर इंजिन नव्याने अंदाज घेत चालते, रेसिंग वरखाली होते, रेडिओ आणि घड्याळ शून्यावर येतात. आणि गाडीत काहीतरी झाले आहे याची इतकी चिन्हे एकाच वेळी दिसल्यावर पिकअप वाढल्याचा अनुभव न येणारा मालक विरळा. त्याखालोखाल धुण्याचा क्रमांक लागतो. सर्व्हिसिंगहून धुऊन-पुसून, आतून सुवास मारून आलेली गाडी हलकी पळते, हे पुष्कळ मालक शपथेवर सांगायला तयार असतात. पाण्याने अश्वशक्ती कशी वाढते याचा खुलासा मोटारशास्त्रात नाही, आणि मागणाऱ्यांची संख्याही फार नाही.

मग दोन-तीन महिन्यांत सेट होते ते काय? सेट होतो तो पाय. माणसाचा पाय या बाबतीत कोणत्याही ईसीयूपेक्षा चिवट विद्यार्थी आहे, आणि त्याला आपण शिकलो याचा पत्ताही लागत नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा २०१४मध्ये मारुतीच्या सेलेरिओने आपल्याकडे लोकप्रिय केलेल्या एएमटी या प्रकारात सापडतो. यात गिअरबॉक्स साधा हाताचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते, आणि ते करत असताना इंजिनाचा जोर क्षणभर तुटत असल्यामुळे गाडीतली सर्व माणसे एकदम पुढे झुकून मागे येतात. पहिले काही आठवडे मालक शोरूमला फोन करत राहतो. नंतर त्याचा पाय, कोणी न सांगता, गिअर बदलण्याच्या बेताला आपण होऊन थोडा वर उचलला जाऊ लागतो, झुकणे जवळजवळ थांबते, आणि मालक मोठ्या समाधानाने सांगतो की सुरुवातीला त्रास झाला, पण आता गाडी आपल्याला ओळखू लागली. मेव्हण्याने नेली की तिला पुन्हा झटके बसतात ते मेव्हण्याच्या पायाला हे शिक्षण न मिळाल्यामुळे. गाडी परत आल्यावर मालकाला ते बसत नाहीत, पण तपासणी इतकी पुढे जात नाही.

पायाच्या या चिवटपणाची दुसरी बाजू अशी की तो शिकलेले सोडत नाही. खंबाटकीचा किंवा आंबा घाटाचा उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये घालून पेट्रोल वाचवणारे चालक कार्बोरेटरच्या काळातील काटकसर निष्ठेने जपत आहेत. इंजेक्शनच्या गाडीत मात्र गिअर तसाच ठेवून पाय पूर्ण काढला तर इंजिनाचे फेरे ठरावीक आकड्याच्या वर असेपर्यंत ईसीयू पेट्रोल बंदच करतो आणि चाकेच इंजिनाला फिरवत नेतात, तर न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवण्यासाठी त्याला पेट्रोल पाजत राहावे लागते. बचतीसाठी पेट्रोल जाळायचे, इंजिनाचा ब्रेक गमवायचा आणि वर खऱ्या ब्रेकवर पाय ठेवून ते तापवायचे, असा हा तिहेरी लाभ आहे.

गाडीचे तक्ते भरताना ज्याचा मान सर्वांत मोठा असतो तो चालक यांपैकी कोणीच नव्हे. पुण्यात १९६६पासून असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्यताप्राप्त संस्थांत गाडी रोलरवर चढवून तिचा धूर आणि इंधन मोजले जाते, तेव्हा पडद्यावर एक रेघ सरकत असते आणि चालकाने गाडीचा वेग त्या रेघेवर ठेवायचा असतो. मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल या नावाच्या या परीक्षेत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, वेग वाढवण्याचा आणि कमी करण्याचा प्रत्येक टप्पा आधी छापलेला असतो, कोणी रिक्षा आडवी घालत नाही, सिग्नल सुटायच्या आत मागून हॉर्न वाजत नाही, आणि १,१८० सेकंदांत साडेदहा किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापून गाडी निघाली तेथेच उभी असते. शोरूममध्ये ‘देते किती?’ असे विचारल्यावर जो आकडा तोंडावर फेकला जातो तो या पायाचा असतो. ग्राहकही तो मान डोलवून ऐकून घेतो आणि घरी सांगताना त्यातून आपल्या हिशेबाने चार-पाच वजा करतो.